मायना कोणता लिहावा?

तापी आणि पूर्णा ह्या दोन नद्या जेथें मिळतात, तेथें चांगदेव नांवाचें एक लहानसें गांव आहे. जळगांव जिल्ह्यांत, पूर्वीचें एदलाबाद म्हणजे आजचें मुक्ताईनगर, त्याच तालुक्यांत तें मोडतें. संगमाजवळ काळ्या दगडांचें पुरातन देवालय उभें आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास येथें आणि मुक्ताईच्या मंदिरीं मोठी यात्रा भरते. ह्या स्थानाशीं जोडलेली कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या मांडीवर बसून ऐकली असेल. योगबळानें चौदाशें वर्षें जगलेल्या चांगदेवांच्या कानीं ज्ञानदेवांची कीर्ति गेली. भेटीस जाण्यापूर्वीं पत्र पाठवावें असें त्यांच्या मनांत आलें. कागद घेतला, लेखणी उचलली, आणि पहिल्याच शब्दाला हात अडला. ज्ञानदेव वयानें लेंकरूं, तेव्हां ‘चिरंजीव’ लिहावें. पण ज्ञानानें ते वडील, तेव्हां ‘तीर्थरूप’ लिहावें. एक लिहावें तर ज्ञानाचा अपमान, दुसरें लिहावें तर वयाचा. शेवटीं चांगदेवांनीं कोराच कागद पाठविला. तो पाहून लहानगी मुक्ताबाई हंसली आणि एवढीं वर्षें जगूनहि हा कोराच राहिला असें म्हणाली. ज्ञानदेवांनीं त्या कोऱ्या कागदास पासष्ट ओव्यांचें उत्तर लिहिलें, तीच ‘चांगदेवपासष्टी’. पुढें ह्याच वयोवृद्ध योग्यानें त्या मुलीस गुरु केलें.

लोक ही कथा अध्यात्माची म्हणून ऐकतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तिचें मूळ एका अगदीं घरगुती अडचणींत आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यास आपण कधीं पाहिलें नाहीं, ज्याची पायरी आपल्या मापांत बसत नाहीं, अशा परक्यास कोणत्या शब्दानें संबोधावें? चांगदेवांचा हा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. तो गेल्या माघांत आमच्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, ती हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

आमच्या जळगांवच्या घरीं एक परदेशी विदुषी चार दिवसांसाठीं उतरल्या होत्या. भाषाशास्त्र हा त्यांचा विषय. कंबोडिया देशांत कांहीं वर्षें राहून त्यांनीं तेथील ख्मेर भाषेचा अभ्यास केला होता, आणि आतां पुण्यास राहून त्या मराठी शिकत होत्या. आमचें कुटुंब एकत्र. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. पाहुण्या दारांत येतांच पहिला प्रश्न उभा राहिला तो चहाचा नव्हे, तर त्यांना हांक कशी मारावयाची हा! कॉलेजांत जाणारा थोरला पुतण्या म्हणाला, “मॅडम.” इंग्रजी शाळेंत शिकणारी त्याची बहीण म्हणाली, “आंटी.” सर्वांत धाकट्यानें सरळ आमच्या मातोश्रींस विचारलें, “आजी, ह्या आपल्या कोण?” मातोश्री क्षणभरहि न थांबतां म्हणाल्या, “तुझी मावशी.” झालें! चार दिवस त्या घरांत मावशी म्हणूनच वावरल्या.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर पाहुण्यांनीं पहिली शंका काढली. “मावशी म्हणजे आईची बहीण, हें मी शिकलें आहें. पण आजींनीं मला आईचीच बहीण कां केलें? वडिलांची कां नाहीं?”

ह्या प्रश्नानें आम्ही सर्वच विचारांत पडलों. खरेंच, अनोळखी पुरुष आमच्याकडे काका होतो, मामा होतो, दादा आणि भाऊ तर होतोच. अनोळखी बाई मावशी, ताई, वहिनी किंवा आजी होते. पण रस्त्यांतील परक्या बाईस “अहो आत्या” अशी हांक कोणी मारल्याचें आम्हांस आठवेना. उत्तर मातोश्रींनींच दिलें. “आत्या म्हणजे घरची माहेरवाशीण. तिचा मान असतो, बारशाला नांव ठेवण्याचा तिचा हक्क असतो, आणि मानांत कांहीं उणें पडलें कीं रुसण्याचाहि असतो. मावशी नुसती माया घेऊन येते.” इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत भारतांतील नात्यांची आणि त्यांच्या नांवांची प्रांतवार मांडणी केली आहे. त्या ग्रंथाचें नांवहि न ऐकलेल्या आमच्या मातोश्रींनीं एका वाक्यांत तोच विषय उलगडून दाखविला. परक्यास नातें देतांना आपण डोळे मिटून देत नाहीं; ज्या नात्यांत मानपानाचा हिशेब थोडा आणि माया अधिक, तेंच नातें आपण त्याच्यापुढें ठेवतों.

हें ऐकून पाहुण्या आनंदल्या आणि कंबोडियांतील रीत सांगूं लागल्या. तेथें नवा मनुष्य भेटला कीं थोड्याच वेळांत त्याचें वय विचारतात. आपल्याकडील सुशिक्षितांस हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. परंतु वयाचा अंदाज आल्यावांचून तेथें बोलणेंच नीट चालत नाहीं, कारण समोरच्यास काय म्हणावें आणि स्वतःस काय म्हणवावें हें बहुधा वयावर ठरतें. आपणांहून थोडें वडील असेल त्यास ‘बाँग’ म्हणावयाचें, मग तो पुरुष असो वा स्त्री. धाकटें असेल त्यास ‘पओन’. आईबापांहून कमी वयाचा पुरुष ‘पू’ आणि स्त्री ‘मींग’. आईबापांहून वडील असतील तीं दोघेंहि ‘ओम’. आजोबा शोभतील ते ‘ता’, आजी शोभतील त्या ‘याय’. परदेशांतून आलेल्या मनुष्यासहि ह्याच नात्यांच्या रांगेंत जागा करून देतात. प्रसंग औपचारिक असेल तर पुरुषास ‘लोक’ आणि स्त्रीस ‘लोक स्रेय’ असें म्हणतात.

हे शब्द ऐकून आमचे काका चमकले. तो ‘लोक’ म्हणजे आपल्याच संस्कृतांतला ‘लोक’, आणि ‘स्रेय’ म्हणजे ‘स्त्री’! अंगकोरचीं देवळें बांधणाऱ्या कंबुज देशांत संस्कृत शब्द जाऊन राहिले हें काकांनीं इतिहासांत वाचलें होतें. पण ते तेथें पाहुण्यांच्या स्वागतास दारांत उभे आहेत हें त्यांस ठाऊक नव्हतें. दुसरा एक शब्द तर आणखी जवळचा निघाला. पश्चिमेकडील गोऱ्या मनुष्याविषयीं बोलतांना ख्मेर लोक ‘बारांग’ म्हणतात. युरोपांतील ‘फ्रँक’ लोकांच्या नांवावरून अरबी-फारशींत जो शब्द तयार झाला, तोच आपल्याकडे ‘फिरंगी’ झाला आणि तिकडे ‘बारांग’.

येथें एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. ‘फिरंगी’ हें परक्याचें वर्णन आहे. ती त्याला मारावयाची हांक नव्हे. सन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ लिहिलें, त्यांत इंग्रज, फिरंगी, वलंदेज इत्यादि लोकांस ‘टोपीकर’ म्हटलें आहे आणि त्यांच्याविषयीं सावध राहण्याचा उपदेश केला आहे. राजनीतींत तें योग्यच होतें. पण समोर बसलेल्या वकिलास कोणी “अहो टोपीकर” म्हणत नाहीं. मनुष्य पाठमोरा असतांना त्याची टोपी दिसते. तो सन्मुख आला कीं त्याच्याशीं संबंध जोडावा लागतो. वर्णनास डोळे पुरतात, संबोधनास मन लागतें.

मग आमच्या पूर्वजांनीं सन्मुख आलेल्या परक्यास काय म्हटलें? मुख्यतः ‘साहेब’. हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘सोबती’ असा आहे; पुढें त्यास ‘धनी’ हा अर्थ आला. मराठींत तो प्रथम घरच्या वडिलधाऱ्यांस लागला. आऊसाहेब, मासाहेब, आबासाहेब हीं संबोधनें इंग्रजी अमलाच्या आधींचीं आहेत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, खानदेशांत इंग्रजांचा अंमल बसला, आणि कलेक्टरापासून रेल्वेच्या गार्डापर्यंत प्रत्येक गोरा मनुष्य ‘साहेब’ झाला. सोबत्याचा धनी झाला तो असा! १९४७ सालीं गोरा साहेब गेला. शब्द मात्र कचेरींत खुर्चीवर बसून राहिला.

ह्याच काळांत दुसरीहि एक रीत चालत होती, आणि ती आम्हांस अधिक आवडते. अ‍ॅनी बेझंट आमच्या वृत्तपत्रांत ‘बेझंटबाई’ झाल्या. मार्गारेट नोबल यांस १८९८ सालीं स्वामी विवेकानंदांनीं निवेदिता हें नांव दिलें, आणि आपण त्यांस ‘भगिनी’ म्हणूं लागलों. १९२५ सालीं साबरमतीस आलेल्या मॅडेलिन स्लेड यांस गांधीजींनीं मीरा हें नांव दिलें, आणि त्यास गुजरातीनें आपली ‘बेन’ जोडली. अलीकडच्या काळांतील उदाहरण फलटणचें आहे. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन यांनीं फलटणच्या बोलीवर संशोधन करून डॉक्टरेट मिळविली, जाई निंबकर यांच्या सहकार्यानें परकीयांस मराठी शिकविणारीं पुस्तकें लिहिलीं, फलटणांतच घर केलें आणि शाळा उभारली. त्या फलटणकरांच्या ‘मॅक्सीन मावशी’ झाल्या. पाहा, येथेंहि मावशीच, आत्या नव्हे!

आमच्या पाहुण्यांची मराठी अजून कच्ची होती. पहिल्याच सकाळीं त्या मातोश्रींस म्हणाल्या, “तूं बस,” आणि धाकट्यास म्हणाल्या, “आपण दूध प्यावें.” घरांत हंशा पिकला. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या इंग्रजींत एकवचनी ‘दाऊ’ केव्हांच व्यवहारांतून गेला, आणि मूळचा अनेकवचनी ‘यू’ राजापासून रंकापर्यंत सर्वांस लागूं झाला. फ्रेंचांत ‘तू’ आणि ‘वू’, जर्मनांत ‘दू’ आणि ‘झी’ असा भेद आहे, आणि ‘झी’ वरून ‘दू’ वर येण्यास जुने जर्मन लोक एकमेकांची संमति विचारीत. मराठींत पायऱ्या तीन: तूं, तुम्ही आणि आपण. त्यांतहि ‘तूं’ सर्वांत खालचा असें म्हणावें तर आपण देवास ‘तूं’ म्हणतों आणि आईसहि ‘तूं’ म्हणतों. जुन्या घरांत ‘अहो’ म्हणावयाचें तें वडिलांस. म्हणजे ‘तूं’ हा शब्द अत्यंत जवळच्यासाठीं आहे, आणि ज्यास आपण जमेसच धरीत नाहीं त्याच्यासाठींहि आहे. दोहोंमधील अंतर शब्दांत नाहीं. तें बोलणाऱ्याच्या आवाजांत आहे.

पाहुण्यांस हें समजावितांना आम्हांस मोठी ऐट वाटत होती. आमच्या भाषेंत किती बारकावे, आमच्या घरांत किती माया! ही ऐट दुसऱ्याच दिवशीं उतरावयाची होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पाहुण्यांस यात्रेस नेलें. जळगांवाहून भुसावळ, वरणगांव करीत नागपूरच्या हमरस्त्यानें मुक्ताईनगरास जातां येतें. दोहों बाजूंस केळीच्या बागा होत्या. हा मुलूख परक्यांस नवा नाहीं. भुसावळास रेल्वेचें मोठें जंक्शन असल्यामुळें सर्व प्रांतांचे लोक येथें येऊन राहिले. जवळच्याच फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्यांनीं जी लेवा बोली महाराष्ट्राच्या कानीं घातली, ती ह्याच भागांत बोलली जाते. गाडींत शेजारीं बसलेला शेतकरी परक्यासहि ‘भाऊ’ म्हणतो, आणि जरा ओळख झाली कीं प्रत्येक वाक्याच्या शेवटीं मोकळा ‘भो’ येऊं लागतो. पाहुण्या वहींत टिपून घेत होत्या.

मुक्ताईच्या दर्शनाच्या रांगेंत डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी पाहुण्यांच्या पुढें उभी होती. तिनें मागें वळून त्यांचा गोरा चेहरा पाहिला, उन्हानें लाल झालेला पाहून आपल्या पदराची सावली त्यांच्या डोक्यावर धरली, आणि “माय, दमलीस का?” असें विचारलें. तिनें देश विचारला नाहीं, वय विचारलें नाहीं. वास्तविक ती पाहुण्यांच्या आईच्या वयाची. तिनेंच त्यांस ‘माय’ म्हटलें! पाहुण्यांची वही तशीच उघडी राहिली.

तेथून आम्ही चांगदेवास गेलों. देवालय पाहून संगमावर जावयाचें होतें. गर्दींत वाट उमगेना. एका झाडाखालीं सातपुड्यांतून केळीच्या कामास आलेले कांहीं पावरा मजूर बसले होते. त्यांतील एका वृद्धास आम्हीं विचारलें, “ए, संगमाची वाट कोणती रे?” तो वृद्ध उठला. नुसतें बोट दाखवून न थांबतां आमच्याबरोबर चालूं लागला. चढउताराच्या जागीं त्यानें पाहुण्यांची पिशवी आपल्या हातीं घेतली, आम्हांस “साहेब, जपून” म्हटलें, आणि पाण्याच्या कडेपर्यंत पोंचवून परत फिरला.

पाहुण्या कांहीं वेळ दोन नद्यांच्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं विचारलें, “त्यांचें वय काय असेल?”

“सत्तरी उलटली असावी,” आम्ही म्हणालों.

“आणि तुमचें?”

“अठ्ठावन्न.”

“म्हणजे कंबोडियांत ते तुमचे बाँग झाले असते. तुम्हीं त्यांना ‘ए’ कां म्हटलें?”

त्यांच्या स्वरांत टोमणा नव्हता. त्या विद्यार्थिनी होत्या; व्याकरणाचा एखादा नियम आपणांस ठाऊक नसेल, तो कळावा, एवढाच त्यांचा हेतु होता. आम्हांजवळ उत्तर नव्हतें. कारण नियम होता, पण तो सांगण्याजोगा नव्हता. काल रात्रीं मावशी कीं आत्या ह्यावर आम्हीं तास घालविला होता. सात समुद्रांपलीकडून आलेल्या बाईंस मातोश्रींनीं क्षणांत आप्त करून घेतलें होतें. आणि सातपुड्याच्या कुशींतून, आमच्याच जिल्ह्याच्या शेजारांतून आलेल्या वडिलधाऱ्या मनुष्यासाठीं आमच्या समृद्ध भाषेंतून एक ‘ए’ निघाला होता. त्यांचें धोतर आंखूड, अंगाचा रंग रापलेला, पायांत वहाण नाहीं. आम्हीं एवढेंच पाहिलें आणि मायना ठरवून टाकला. चांगदेवांचा निदान हात तरी अडला होता. आमची जीभ अडली नाहीं.

परत येतांना ते वृद्ध त्याच झाडाखालीं दिसले. आम्ही जवळ जाऊन म्हणालों, “दादा, येतों आम्ही. तुम्हीं फार मदत केलीत.” त्यांनीं मागें वळून पाहिलें, ‘दादा’ कोणास म्हटलें तें त्यांस कळलें नाहीं. आमच्या पाठीमागें आणि त्यांच्याहि पाठीमागें कोणी नाहीं अशी खात्री झाल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनीं हात जोडले. तें मागें वळून पाहणें आम्हांस अजून आठवतें.

घरीं आल्यावर हाच प्रश्न आम्हीं आमच्या चार भिंतींत लावून पाहिला. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई मातोश्रींहून चारच वर्षांनीं लहान आहेत. घरांतील सहा वर्षांचें पोर त्यांस नुसत्या नांवानें हांक मारतें, आणि कोणासहि तें खटकत नाहीं. ‘बाई’ ह्या शब्दाचीच गति पाहा. तो अहल्याबाईंच्या आणि लक्ष्मीबाईंच्या नांवास लागला, शाळेंतील शिक्षिकेस लागला, बेझंटबाईंस लागला. आज शहरांत “आमची बाई आली नाहीं” म्हटलें कीं धुण्याभांड्यांचा खोळंबा एवढाच त्याचा अर्थ उरला आहे, आणि शिक्षिका ‘मॅडम’ झाल्या आहेत. शब्द झिजतात ते वापरानें नव्हे. ज्यांच्यासाठीं ते वापरावयाचे त्यांच्याविषयींचा आदर झिजतो म्हणून झिजतात. आम्ही ब्राह्मण कुटुंबांनीं तर हें विशेषेंकरून पाहावें. ‘राजश्री’ कोणास, ‘वेदशास्त्रसंपन्न’ कोणास, आणि नुसतें नांव कोणास, ह्याचे पाठ आमच्याच घरांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरविले गेले. त्या मायन्यांनीं किती मान दिले तें आपल्याला पाठ आहे. किती जणांस ते नाकारले ह्याची नोंद मात्र आपण ठेविली नाहीं.

ह्या कोड्याचें उत्तर मुक्ताईच्याच अंगणांत सांपडतें. वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात. पुरुष असो वा स्त्री, पोर असो वा थेरडा, पाटील असो वा मजूर, हांक एकच. आणि जो तो दुसऱ्याच्या पायांस हात लावतो. ज्येष्ठांत मुक्ताईची पालखी येथून निघते आणि सुमारें महिनाभर चालून आषाढीस पंढरपुरास पोंचते. त्या वाटेवर दररोज नवीं माणसें भेटतात. कोणासहि मायन्याची अडचण पडत नाहीं. चांगदेवांस वय आणि ज्ञान हीं दोन मापें जुळवितां येईनात. वारीनें मापेंच खालीं ठेवून दिलीं. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांतहि एक सुंदर गोष्ट आहे. धाकटी बहीण रुसलेल्या थोरल्या भावास नांवानें हांक मारते, पण आर्जवाचें क्रियापद आदरार्थी अनेकवचनांत ठेवते. नांवानें जवळीक साधली, क्रियापदानें मान राखला! संबोधनाचा धडा ह्याहून थोडक्यांत कोणीं दिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून हा लेख आटोपतां घेऊं. परदेशी पाहुणा घरीं आला तर प्रथम त्यास ‘तुम्ही’ शिकवावें, ‘तूं’ मागाहून. ‘तुम्ही’ कोठेंहि चुकत नाहीं. नातें जोडण्यापूर्वीं त्यास तें आवडेल काय हें विचारावें. पुष्कळ पाश्चात्त्य बायकांस ‘आंटी’ म्हटलें तर आपलें वय काढलें असें वाटतें, आणि ‘ताई’ म्हटलें तर त्या सुखावतात. हिंदी बोलणाऱ्या पाहुण्याशीं बोलतांना विशेष जपावें. बऱ्हाणपूर आमच्यापासून दूर नाहीं. तेथल्या व्यापाऱ्यास आमचा मनुष्य मराठी ‘तुम्ही’ मनांत धरून ‘तुम’ म्हणतो, आणि ‘आप’ची अपेक्षा करणारा तो व्यापारी मनांतल्या मनांत दुखावतो. पत्र लिहावयाचें असून मायना सुचत नसेल तर ‘सप्रेम नमस्कार’ हे दोन शब्द लहानमोठ्या सर्वांस शोभतात. आणि शेवटची, परंतु पहिल्यानें करावयाची गोष्ट: परदेशी पाहुण्यास आपण जो शब्द देतों, तोच वाट दाखविणाऱ्या, ओझें उचलणाऱ्या, भांडीं घासणाऱ्या मनुष्यास देतां येतो कीं नाहीं तें पाहावें. येत नसेल, तर पाहुण्यास दिलेला मान हा मान नसून त्याच्या कातडीस आणि कपड्यांस दिलेला मुजरा होय. आमच्या घरीं आतां भांडीं घासणाऱ्या बाई पोरांच्या ‘मावशी’ झाल्या आहेत. पहिले दोन दिवस त्या संकोचल्या, पोरेंहि अडखळलीं, तिसऱ्या दिवशीं धाकटा विचारूं लागला, “मावशी, तुम्ही जेवलां का?”

जातांना पाहुण्यांनीं व्याकरणाची एक शंका काढली, तीच सांगून लेखणी खालीं ठेवतों. त्या म्हणाल्या, “तुमच्या भाषेंत ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. पण सर्वांत मोठ्या आदराचा ‘तुम्ही’ म्हणजेहि ‘आपण’च! मग ‘आपण जेवूं या’ आणि ‘आपण जेवावें’ ह्यांतला ‘आपण’ एकच कीं दोन?” आम्हीं व्याकरणाच्या पुस्तकांप्रमाणें दोन अर्थ सांगितले. त्यांनीं ते लिहून घेतले. पण आमचें समाधान झालें नाहीं. आतां वाटतें, तो शब्द एकच असावा. परक्यास द्यावयाचा सर्वांत मोठा मान मराठी मनुष्यास जेव्हां शोधावा लागला, तेव्हां त्यास उंच आसन सुचलें नाहीं. त्यानें त्याला आपल्या पंगतींत बसविलें. ह्या पानांवर आम्ही नेहमीं ‘आम्ही’ म्हणून लिहितों. आज निरोप घेतांना एवढेंच म्हणावेंसें वाटतें, कीं चांगदेवांच्या त्या कोऱ्या कागदावर लिहावयाचा मायना आपल्या बोलण्यांत केव्हांपासून होता. तो लिहावयाचें काम आपण सर्वांनीं मिळून करावयाचें आहे.